पनवेलला घेतलेलं नाव

पनवेलला कोणी मुद्दाम जात नाही. लोक पनवेलवरून जातात. गोव्याला जाताना, अलिबागला जाताना, गणपतीत कोकणात जाताना तिथे चहा पितात आणि पुढे सुटतात. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी मात्र वाशीमहून निघालो ते थेट पनवेललाच, आणि जवळजवळ महिनाभर राहिलो. परत आल्यापासून शेजारणी विचारतात, कसं आहे हो गाव? मी सांगते, चांगलं आहे. पण खरं सांगायचं तर ते गाव मी धड जागेपणी पाहिलंच नाही. पौषातलं धुकं, खाडीवरची ओल, मनाला लागलेला घोर, या सगळ्यातून ते जसं दिसलं तसं सांगते. नकाशा पाहिजे असेल तर आमच्या यांना विचारा. हे भूगोलाचे मास्तर होते.

जायचं कारण आधी सांगायला हवं. यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर केलं तर गाठ पूर्ण निघण्यासारखी आहे. कुठलाही माणूस यावर सुटकेचा निःश्वास टाकेल. यांनी मात्र ठाम नकार दिला.

त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. ते झालं छान, टाके भरले छान, पण हे भुलीतून बाहेर आले ते स्वतःत आलेच नाहीत. मला 'मॅडम' म्हणायचे. मुलाला म्हणायचे, तुमची बदली कधी झाली? हात धरला तर झटकायचे. शेजारच्या खाटेवरचे म्हणत, वयाप्रमाणे होतं असं, भूल चढते. काही दिवसांनी सगळं निवळलं. वाईट एवढंच झालं की ते दिवस यांना आठवत राहिले. आपण आपल्या बायकोला ओळखत नव्हतो, हे यांना आठवत होतं.

म्हणून हे म्हणाले, "गाठीनं मेलो तर मी मेलो. पण परत तसं झालं आणि या खेपेला निवळलंच नाही, तर जिवंत राहिलेला तो माणूस कोण? त्याला तू काय म्हणून सांभाळशील?"

हाच प्रश्न घेऊन मी परत डॉक्टरांकडे गेले. मग अकोल्याच्याच डॉक्टरांनी सांगितलं की पनवेलच्या बाजूला एका कॅन्सरच्या दवाखान्यात अगदी याच गोष्टीवर संशोधन चालू आहे. ऑपरेशन नंतर ठरवा, आधी ऐकून तर या. ऐकायला काय जातं, असं म्हणून मी पिशव्या भरल्या.

बेबीमावशींचा बंगला

पहाटे उतरलो तेव्हा पनवेल दिसतच नव्हतं. रिक्षा धुक्यात शिरली, आणि मधूनच एखादी इमारत, एखादं देऊळ, तळ्याचा एखादा काठ समोर येऊन परत विरून जात होता. मग पूर्वेकडे जरा उजाडलं आणि त्या सगळ्या पांढऱ्यावर एक दगडी अंगठा तेवढा उभा दिसला. कर्नाळ्याचा सुळका, हे म्हणाले. बेसाल्ट. शाळेत फळ्यावर काढायचो तो हाच. आजारी माणसाच्या आवाजात इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. रिक्षावाल्याला थांबायला सांगून आम्ही तो अंगठा पाहत बसलो.

राहायची सोय खाडीकडच्या एका गावात होती. तिथले लोक आगरी. पूर्वी भातशेती आणि मिठागरं, आता जमिनी विमानतळात आणि वसाहतींत गेल्यावर तीनमजली बंगले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या दवाखान्यात येणाऱ्यांना भाड्यानं देतात. आमच्या घरमालकीण बेबीमावशी. वय सत्तरीच्या पुढे, कपाळ मोकळं, पण गळ्यात इतकं सोनं की मी आधी नजर दुसरीकडे वळवली. आमच्याकडे विधवा बाई असं सोनं घालून अंगणात मासे साफ करायला बसली तर गावभर चर्चा होईल. इथे कोणाला काही वाटत नव्हतं, आणि दोन दिवसांनी मलाही वाटेनासं झालं.

त्यांनी पहिल्याच सकाळी तांदळाची भाकरी दिली. पांढरी, मऊ, दुमडली तरी मोडेना. आमची ज्वारीची भाकरी ताटात पडली की आवाज करते, ही नुसती येऊन निजते. सोबत वालाचं बिरडं. हे बिचकत पहिला घास घेऊन दुसऱ्या भाकरीकडे पाहू लागले, तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "मानूस जेवतंय ना, मंग मरत नाय. तू कनाला रडतंस?" मी रडत नव्हते. पण त्यांनी म्हटल्यावर डोळ्यांना पाणी आलं.

डोक्यावरून विमानं जायची. नवीन विमानतळ जवळच. आधी आवाज, मग धुक्यातून एक पोट, मग परत धुकं. मावशी मान वर करून बघतसुद्धा नसत. त्यांचं भाताचं खाचर जिथे होतं तिथूनच ते विमान उडतं, असं त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं, जसं कोणी सांगावं की तिथे पूर्वी चिंचेचं झाड होतं.

मनाच्या डॉक्टरीणबाई

दवाखान्यात आम्हाला भेटल्या त्या डॉक्टर मुक्ता. ऑपरेशनच्या वॉर्डात बसणाऱ्या, पण सर्जन नव्हेत, मानसोपचाराच्या. हे ऐकताच यांच्या कपाळाला आठी पडली. आम्हाला काय वेड लागलंय? पण बाई वयानं आमच्या मुलीएवढी, बोलायला अगदी सरळ. तिनं आधी यांच्याकडून त्या जुन्या दिवसांची हकीगत ऐकून घेतली. मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाली, काका, ते वेड नव्हतं आणि नुसतं म्हातारपणही नव्हतं. मोठ्या ऑपरेशनचा धक्का मेंदूलाही बसतो, काही जणांचा मेंदू त्यात वाट चुकतो. पूर्वी डॉक्टरही 'होईल ठीक' म्हणून सोडून द्यायचे. आता जगभर याचा अभ्यास चालला आहे. भूल किती खोल असावी, जाग आल्याबरोबर चष्मा आणि कानाचं यंत्र द्यावं का, खोलीत दिवसाउजेड असावा का, रात्रीची झोप मोडू नये म्हणून काय करावं. चष्म्यासारखी साधी गोष्टही डॉक्टर लोक गांभीर्यानं घेतात, याचं मला नवल वाटलं.

तिचा स्वतःचा अभ्यास आणखी साधा होता. पेशंट भुलीतून बाहेर येतो त्या खोलीत एरवी नातेवाइकाला सोडत नाहीत. तिच्या अभ्यासात काही पेशंटांच्या घरचं एक माणूस तिथे उशाशी बसणार. हाक मारणार, कुठे आहोत ते सांगणार, कोण आहोत ते सांगणार. बाकीच्यांना नेहमीसारखंच ठेवणार. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. मग दोन्ही गट ताडून बघायचे.

हे म्हणाले, "म्हणजे घरच्या माणसाच्या आवाजानं गुण येतो, हे नक्की?"

"नक्की माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता, काका? माहीत नाही, म्हणून तर विचारतेय."

हे मोठ्यानं हसले. गाठ निघाल्यापासून पहिल्यांदा. पायऱ्या उतरताना म्हणाले, ज्या डॉक्टरला 'माहीत नाही' म्हणता येतं, तिच्या दवाखान्यात पोट उघडून घ्यायला हरकत नाही. तिथल्या तिथे ऑपरेशन ठरलं. मी गजाननमहाराजांना मनातल्या मनात हात जोडले.

चार दिवसांनी कळलं की कॉम्प्युटरनं आम्हाला उशाशी बसणाऱ्यांत घातलंय. डॉक्टर मुक्तानं मला बाजूला बसवून सगळं समजावलं. घाई करायची नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आवाज ओळखीचा हवा. आणि म्हणाली, "पहिल्यांदा नावानं हाक मारायची, काकू. स्पष्ट. दोनतीनदा."

मी मान हलवली. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना नावानं कधी हाक मारलेली नाही. अहो. एवढंच. आमच्याकडे ते नाव हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं, तेही लाजत, यमकाच्या आडून. उखाणा संपला की नाव परत डब्यात. ही पोरगी नवऱ्याला फोनवर नावानं बोलावत होती, मी ऐकलं होतं. तिला हे सुचणार कुठून? आणि मलाही वाटलं, कॅन्सरपुढे माझ्या लाजेची काय किंमत? शिकलेले लोक अभ्यास करून सांगतात ते बरोबरच असेल. घेऊ की नाव.

खाडीच्या बांधावर

पण तोंडातून निघेना. खोलीत हे असायचे. न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न केला, तर घशातून नुसती हवा आली. शेवटी बेबीमावशींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चल खाडीवर, तिथं कोन नाय.

सकाळची वेळ. भरती ओसरून गेलेली. जुन्या मिठागराच्या बांधावरून आम्ही चाललो. एका बाजूला तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूला सोडून दिलेले वाफे, त्यात बोटभर पाणी आणि त्या पाण्यात सगळं आकाश. पलीकडचा काठ होता की नव्हता कोण जाणे. तळोज्याकडून कारखान्यांचा एक आंबूस वास येत होता, आणि तरी ते सगळं इतकं सुंदर होतं की मला आपण इथे कशाला आलो ते काही क्षण आठवेना. दूर पांढरे बगळे एका रांगेत उभे होते. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते, इथे ती पाण्याखाली झोपलेली असते. ओल्या जमिनीवरून चालताना माणसालाही झोप आल्यासारखं होतं.

मी बगळ्यांकडे तोंड केलं आणि म्हटलं, "मनोहर."

बगळे हलले नाहीत. मी परत म्हटलं, जरा मोठ्यानं. मनोहर. अंगावर काटा आला. एखाद्या परक्या पुरुषाला हाक मारतेय असं वाटलं, आणि खरं सांगते, तो परका पुरुष जरा तरुण होता. मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं ते थेट चिखलात. पाय निघाला, चप्पल निघेना. मावशींनी काठीनं ढोसून ती काढली, तोवर माझी साडी गुडघ्यापर्यंत भरली होती आणि आम्ही दोघी हसून हसून बांधावर बसलो.

हसू थांबल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही घ्यायच्या का हो नवऱ्याचं नाव?

त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "जित्ता होता तवर नाय घेतला. याच आगरावं पडला त्यो, छातीत कल आली न् गेला. पोलीस आलं, बोलले, नाव सांगा. आमचे घरचे कोन बोललं नाय, मंग मीच सांगितला. पयल्यांदा घेतला तो तवा."

मला थंडी वाजली. मावशींच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या पाठीवर चिखलाचाच हात ठेवला आणि म्हणाल्या, माझी गोष्ट माझी, तुझी तुझी. पण त्या दिवसापासून ते नाव माझ्या जिभेवर जड झालं. ते घेतलं की काहीतरी संपेल, असं वाटायला लागलं. शिकलीसवरलेली बाई मी, अंगणवाड्यांची सुपरवायझर होते, गावोगाव बायांच्या डोक्यातल्या असल्याच समजुती काढत फिरले. आता माझ्याच डोक्यात एक घट्ट बसली होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मावशींच्या मुलांनी अंगणात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर भांबुर्डीचा पाला दाबून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती गवत-काटक्या पेटवतात. मडकं फोडलं की त्या पाल्याचा कडवट-गोड वास सगळ्या गल्लीत जातो. यांना खायची मनाई होती. हे खुर्चीवर शाल घेऊन बसले आणि धुराकडे बघत म्हणाले, आपल्याकडच्या हुरड्याची ही बहीण दिसते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उद्या मी तुला ओळखलं नाही तर रागावू नको."

मी म्हटलं, ओळखाल हो. पण मला माहीत नव्हतं. डॉक्टर मुक्तालाही नव्हतं.

उशाशी

गाठ निघाली. सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, मनासारखं झालं. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. पण अर्धाच जीव खाली आला होता. मला हिरवा झगा आणि टोपी घातली आणि आत नेलं.

ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. सगळं फिकट हिरवं, कुठेतरी यंत्रं चिमणीसारखी बारीक टिवटिवत होती, पडद्यांमागे माणसं कुठून कुठून परत येत होती. हे पांढरे पडले होते. डॉक्टर मुक्ता हातात कागद घेऊन पायथ्याशी उभी राहिली. नर्सनं यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. पापण्या हलल्या. डॉक्टरनं मला खूण केली.

मी वाकले. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. "मनोहर," मी म्हटलं. स्पष्ट, सांगितल्यासारखं. "मनोहर, डोळे उघडा."

डोळे उघडले. माझ्यावरून फिरले आणि पलीकडे गेले.

"मनोहर."

हे नर्सकडे बघून म्हणाले, "ही कोन बाई व्हय?"

तेच ते. तोच परका आवाज, तीच माझ्यावरून घसरणारी नजर. डॉक्टर मुक्ताचा चेहरा उतरला आणि तिनं कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं. तरी तिनं शांतपणे विचारलं, "काका, या तुमच्या मिसेस आहेत. ओळखलंत ना?"

यांनी मान हलवली. नाही. मग शाळेत चुकलेल्या पोराला समजवावं तसं, एकेक शब्द ओढत म्हणाले, "माही बायको मले नावानं हाक नाही मारत."

मला समजायला वेळ लागला. आणि समजलं तेव्हा मी तोंडावर हात ठेवला, कारण त्या खोलीत हसायची परवानगी नसते आणि मी हसत होते की रडत होते ते मलाही सांगता येणार नाही. अहो, हा माणूस शुद्धीवर होता. त्या खोलीत सगळ्यांत जास्त शुद्धीवर हाच होता. आपली बायको कोण, हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं की टोपी-मास्क घालून नावानं हाका मारणारी कुठलीही बाई त्याला चालणार नव्हती.

मी मास्क खाली ओढला. "अहो," मी म्हटलं.

यांची मान माझ्याकडे वळली. डोळे माझ्यावर येऊन थांबले आणि थांबून राहिले. "कुठी गेली होतीस?" हे म्हणाले. "ही बाई कवापासून हाका मारून राहिली."

डॉक्टर मुक्तानं पेन उचललं. मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा त्या बिचारीनं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, चूक माझी आहे, काकू. मी विचारायला हवं होतं, घरी काय म्हणून हाक मारता. पुढच्या प्रत्येकाला विचारेन. तिच्या अभ्यासाचं पुढे काय निघेल ते मला माहीत नाही. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, असं तीच म्हणाली. पुढचे दोन दिवस हे अधूनमधून गुंगीत असायचे, तारीख चुकायचे, नर्सला वर्गातली मुलगी समजून नद्यांची नावं विचारायचे. पण मला चुकले नाहीत. एकदाही नाही.

परत

निघालो त्या दिवशी धुकं नव्हतं. बेबीमावशींनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या, माझ्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं, आणि यांना म्हणाल्या, "परत येव नका हां मास्तर. आलाव तं जेवाला या." त्या फाटकात उभ्या होत्या तोवर मी मागे वळून बघत राहिले.

गाडीत हे पोटाला उशी धरून बसले होते. खाडीवरचा पूल आला. पाणी भरलेलं होतं, उन्हात चमकत होतं. यांनी उशी जरा घट्ट धरली. मला वाटलं, टाके दुखत असतील. मग काचेतून बाहेर बघतच म्हणाले, "त्या खोलीत ती बाई हाका मारत होती ना, तिचा आवाज चांगला होता."

मी यांच्या खांद्यावरची शाल नीट केली.

"मला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. आई गेली, दादा गेला. मास्तर, काका, आजोबा, अहो. बरं वाटलं ऐकून." मग म्हणाले, "परत एकदा म्हण ना."

ड्रायव्हर पुढे बघत होता. त्याचे कान मागे होते, हे मला दिसत होतं. मी पदर सारखा केला. पूल अर्धा ओलांडून झाला होता.

"मनोहर," मी म्हटलं.

आणि यांनी ओ दिली.